कोल्हा कधी कुडकुडतो?

अंगावर कपडे नसलेला माणूस वारा नसलेल्या खोलीत स्वस्थ बसून आहे. हवा हळूहळू गार होत चालली आहे. किती गार झाल्यावर त्याच्या शरीराला ऊब टिकवण्यासाठी जास्तीचं इंधन जाळावं लागेल? याचं उत्तर मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा चकितच झालो होतो. साधारण २७ अंश सेल्सिअस. म्हणजे मुंबईत ज्या हवेला आपण ‘आज जरा बरं आहे, पंखा एकवर ठेव’ म्हणतो, तिथूनच उघड्या माणसाची थंडी सुरू होते. शरीराच्या हिशेबानं आपण अजूनही उष्ण प्रदेशातलेच प्राणी आहोत. लेह असो की लंडन, थंडीत आपण तगतो ते कपडे, घर आणि विस्तव यांच्या जिवावर.

हाच प्रश्न दोघा शास्त्रज्ञांनी आर्क्टिक कोल्ह्याला विचारला होता. पेअर शोलँडर आणि लॉरेन्स अर्व्हिंग ही त्यांची नावं. १९४०च्या दशकाच्या अखेरीस ते अलास्काच्या पार उत्तर टोकाला, पॉइंट बॅरोला काम करत होते. प्राण्याला एका बंद पेटीत ठेवायचं, पेटी गार करत न्यायची आणि प्राणी किती ऑक्सिजन वापरतो ते मोजायचं, अशी साधी पद्धत. ऑक्सिजनचा खप वाढला की समजायचं, शरीरानं भट्टी वाढवली. तुलनेसाठी त्यांनी पनामाच्या जंगलातले प्राणीही तपासले. या उष्ण प्रदेशातल्या प्राण्यांची तऱ्हा माणसासारखीच निघाली, पंचविशीच्या आसपासच त्यांची भट्टी धडधडू लागली. आर्क्टिक कोल्हा मात्र उणे ४० पर्यंत ढिम्म. १९५० साली त्यांनी प्रसिद्ध केलेल्या नोंदीत हा कोल्हा कुडकुडायला लागतो तो उणे ७० च्या सुमारास. नंतरच्या काळात नॉर्वेच्या उत्तरेला असलेल्या स्वालबार्ड बेटांवरच्या कोल्ह्यांची मोजमापं झाली, तेव्हा भट्टी वाढवण्याची पायरी याहून बरीच वर सापडली. तेव्हा तो उणे ४० चा आकडा दगडावरची रेघ मानू नये. पण त्या प्रयोगांतून निघालेली मुख्य गोष्ट आजही टिकून आहे, आणि मला ती फार मोलाची वाटते.

ती गोष्ट अशी की थंड प्रदेशातल्या प्राण्यांची भट्टी मोठी नसते. त्यांच्या शरीराचं तापमान आपल्यासारखंच, ३७-३८ अंशांच्या आगेमागे. स्वस्थ बसले असताना ते जे इंधन जाळतात, तेही त्याच वजनाच्या उष्ण प्रदेशातल्या प्राण्याच्या जवळपासचंच. फरक भिंतीत आहे. आत तेवढाच विस्तव, पण बाहेर जाणारी ऊब जवळजवळ बंद. थंडीत राहायचं म्हणजे जास्त कमवायचं, असा आपला समज असतो. आर्क्टिकमधला प्राणी कमी खर्च करून जगतो. त्याला तसंच जगावं लागतं, कारण हिवाळ्यात तिथे कमाई नसतेच.

त्या कोल्ह्याकडे जरा जवळून पाहू. मराठीत आपण त्याला कोल्हा म्हणतो खरं, पण नात्यानं तो आपल्या माळरानावरच्या खोकडाचा भाऊबंद, दोघांची प्रजाती (जीनस) एकच, जाती मात्र वेगळी. खोकड उंच कानांचं, सडपातळ. आर्क्टिक कोल्ह्याचे कान आखूड नि गोल, नाकाड छोटं, पाय बुटके. जे जे अंगापासून लांब, ते ते आखडून घेतलेलं. कारण कान, पाय, नाक हीच ऊब निसटायची दारं. वाळवंटातल्या कोल्ह्याचे कान सुपाएवढे असतात ते नेमकं उलट कारणानं, त्याला ऊब बाहेर टाकायची असते. आर्क्टिक कोल्ह्याच्या तळव्यांवरही दाट केस असतात. त्याच्या शास्त्रीय नावातला ‘लॅगोपस’ हा शब्दच मुळात ग्रीक आणि ‘सशाच्या पायाचा’ अशा अर्थाचा आहे.

आणि फर. हिवाळ्यात ती उन्हाळ्याच्या कितीतरी पट दाट होते. पण ऊब केस देत नाहीत, केसांमध्ये अडकलेली हवा देते. गोधडी शिवणाऱ्या बाईला हे कोणी शिकवावं लागत नाही. जुन्या लुगड्यांचे थरावर थर घालून ती टाके घालते, तेव्हा थरांमधली हवा जागच्या जागी अडकून राहते. हीच गोधडी चेपून सपाट झाली की ऊब देईनाशी होते. कोल्ह्याच्या फरचा आतला थर लोकरीसारखा बारीक आणि कुरळा, तो हवा धरून ठेवतो. वरचे लांब केस वारा आणि हिम अडवतात. झोपताना कोल्हा वेटोळं करतो, पाय पोटाखाली घेतो आणि झुपकेदार शेपूट नाकावरून ओढून घेतो. बाहेरून दिसतो तो फक्त पांढरा गोळा. अंथरूण पाहून पाय पसरावे म्हणतात. हा तर पाय आखडून अंथरूणच मोठं करतो.

याच अंगानिशी स्वालबार्डच्या एका तरुण मादीनं २०१८ साली काय केलं पाहा. नॉर्वेच्या ध्रुवीय संशोधन संस्थेनं तिच्या गळ्यात उपग्रहाशी बोलणारा पट्टा बांधला होता. मार्चच्या अखेरीस ती समुद्रावर गोठलेल्या बर्फावरून निघाली, ग्रीनलंड ओलांडलं आणि कॅनडाच्या एल्समीअर बेटावर पोचली. ७६ दिवसांत ३,५०६ किलोमीटर. ग्रीनलंडच्या हिमपठारावर एका दिवसात तिनं १५५ किलोमीटर कापले. मुंबईहून सकाळी निघून पुण्याच्या वेशीपलीकडे पोचण्याएवढं अंतर, तेही पायी, खायला काही नाही अशा बर्फावरून. संशोधकांचा आधी यावर विश्वासच बसला नव्हता.

ध्रुवीय अस्वलाची भिंत तर आणखी जाड. कातडीखाली चरबीचा थर, वर दुहेरी फर. उष्णता टिपणाऱ्या कॅमेऱ्यातून पाहिलं तर त्याचं अंग भोवतीच्या बर्फापासून ओळखूच येत नाही, तोंड आणि नाक तेवढं उजळतं. फरच्या बाहेरच्या टोकापर्यंत ऊब पोचतच नाही इतकी ती आत रोखलेली असते. याची दुसरी बाजू अशी की अस्वल जरा जोरात चाललं की त्याला उकडतं. म्हणून ते सहसा संथ चालतं.

या अस्वलाबद्दल एक गोष्ट सर्रास सांगितली जाते. त्याचे केस पांढरे नसून पारदर्शक असतात, कातडी काळी असते, आणि म्हणून ते केस काचेच्या तंतूंसारखे सूर्यप्रकाश कातडीपर्यंत वाहून नेतात. यातलं पहिलं आणि दुसरं खरं, तिसरं खोटं. डॅनियल कून या भौतिकशास्त्रज्ञानं १९९८ मध्ये प्रत्यक्ष केस तपासले, तेव्हा केसातून प्रकाश फार लांब जातच नाही असं दिसलं. खरं तर साध्या विचारानंही हे पटावं. थंडी सगळ्यात कडक असते तेव्हा तिथे सूर्य उगवतच नाही, मग प्रकाश वाहून आणणार कुठून?

खरी नवलाई वेगळीच निघाली, आणि ती अगदी अलीकडची. अस्वल पाण्यात शिरतं, सील पकडतं, ओलं होऊन उणे तीसच्या हवेत बाहेर येतं. त्याच्या फरवर बर्फाची लगडं का धरत नाहीत? २०२५ च्या सुरुवातीला नॉर्वे आणि आयर्लंडमधल्या संशोधकांच्या गटानं याचं उत्तर दिलं. केसांना असलेल्या नैसर्गिक तेलकटपणामुळे. तो धुऊन काढला की बर्फ केसांना घट्ट चिकटू लागतो. आपल्या केसांच्या तेलात स्क्वालीन नावाचा घटक भरपूर असतो आणि तो बर्फाला चिकटतो. अस्वलाच्या तेलात तो जवळजवळ नाहीच. आर्क्टिकमधल्या मूळ रहिवासी इनुइट शिकाऱ्यांना ही गोष्ट पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होती. सीलच्या श्वासाच्या भोकाशी तासन्‌तास दबा धरून बसताना ते तिपाईच्या पायांखाली अस्वलाच्या फरचे तुकडे लावत. तिपाई बर्फाला चिकटत नसे आणि सरकवली तरी आवाज होत नसे. फर स्वच्छ करतानाही ते तिच्यातलं तेल जाऊ देत नसत. प्रयोगशाळेला हे सिद्ध करायला २०२५ उजाडलं.

समुद्रातल्या सस्तन प्राण्यांचा मार्ग मात्र वेगळा. पाणी हवेच्या सुमारे पंचवीस पट वेगानं ऊब ओढून घेतं, आणि भिजलेल्या फरमधली हवा निघून गेली की फर निरुपयोगी. म्हणून तिथे सगळी भिस्त चरबीवर. बोहेड जातीच्या देवमाशाच्या अंगावर चरबीचा थर ४० सेंटिमीटरहूनही जाड असू शकतो. त्याला पाठीवरचा परही नसतो. पर म्हणजे आणखी एक उघडं दार, आणि बर्फाखालून जाताना अडणारं. हे देवमासे दोनशे वर्षांहून अधिक जगू शकतात. २००७ साली अलास्कात मारलेल्या एकाच्या अंगात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या काळातल्या भाल्याचा तुकडा रुतलेला सापडला होता.

जाड फर, जाड चरबी, आखूड कान हे सगळं मोठ्या अंगाला जमतं. लहान अंगाला नाही. अंग जितकं लहान, तितकं त्याच्या वजनाच्या मानानं कातडीचं क्षेत्रफळ जास्त. गरम भाताचं पातेलं तासभर गरम राहतं, त्यातलाच एक घास ताटात दोन मिनिटांत निवतो, तसंच हे. शिवाय उंदराएवढ्या प्राण्यानं कोल्ह्याएवढी लांब फर वाढवली तर त्याला चालताच येणार नाही. मग लहान प्राण्यांनी काय करायचं?

लेमिंग नावाचा गुबगुबीत उंदीरवर्गी प्राणी हिमाच्या खाली जातो. भुसभुशीत हिम ही सुद्धा एक गोधडीच, तिच्यातही हवा अडकलेली असते. वर हाडं गोठवणारा वारा वाहत असताना खाली जमिनीलगत कितीतरी अंशांनी ऊबदार असतं. तिथे हिमाचे कण सुट्या दाणेदार मिठासारखे होतात. अलास्कातल्या कोबुक नदीकाठच्या लोकांकडे या थरासाठी ‘पुकाक’ असा खास शब्द आहे आणि तो आता शास्त्रज्ञही वापरतात. लेमिंग तिथे बोगदे खणतात, गवत-शेवाळ खातात, पिल्लंही घालतात. एका जातीच्या लेमिंगच्या पुढच्या पायांची दोन नखं तर हिवाळ्यापुरती मोठी होतात, फावड्यासारखी. कोल्हा वरून कान देऊन ऐकतो आणि उंच उडी मारून तोंडानं हिम फोडत खाली घुसतो. हिमाची गोधडी लेमिंगला थंडीपासून वाचवते, कोल्ह्यापासून नाही.

आणि ज्यांना तेही जमत नाही ते सरळ निघून येतात. कुठे? आपल्याकडे. ठाण्याच्या खाडीत किंवा उजनीच्या काठावर हिवाळ्यात चिखलातून तुरुतुरु पळणारा, चिमणीएवढा छोटा टिलवा पाहिला आहे? पंचवीस-तीस ग्रॅमचा हा जीव उत्तर युरोप आणि सैबेरियाच्या टुंड्रात जन्मतो. तिथला उन्हाळा म्हणजे चोवीस तास उजेड आणि डासांचे ढग, पिल्लं वाढवायला याहून चांगली जागा नाही. पण पंचवीस ग्रॅमच्या अंगात तिथला हिवाळा काढणं शक्य नाही. म्हणून थंडीच्या आधीच तो हजारो किलोमीटर दक्षिणेला उडतो. ऐरोलीला भरती चढताना हे थवे पायाजवळ येतात तेव्हा मला दर वेळी वाटतं की थंडीवरचा एक उपाय आपल्यासमोर चिखलात चोच खुपसून उभा आहे.

आता पायांकडे वळू, कारण पाय ही मोठीच अडचण आहे. कोल्ह्यानं कान आखडले, पण पाय बर्फावर टेकवावेच लागतात. रेनडिअरचे पाय तर लांब आणि सडसडीत, त्यांवर चरबी नाही. अंगातलं ३८ अंशांचं रक्त त्या पायांत तसंच सोडलं तर सगळी कमाई खुरांवाटे बर्फात जाईल. रक्त सोडलंच नाही तर पाय गोठेल.

यावरची तोड फार सुंदर आहे. पायाकडे जाणारी धमनी आणि पायाकडून परतणाऱ्या शिरा एकमेकींना लगटून असतात. वरून गरम रक्त खाली येतं, खालून गार रक्त वर जातं, आणि वाटेत ऊब एकातून दुसऱ्यात उतरते. दारातून बाहेर पडणाऱ्यानं आपली शाल आत येणाऱ्याच्या खांद्यावर टाकावी, तसं. रक्त पायापर्यंत पोचतं तेव्हा ते गार झालेलं असतं, आणि परत पोटाकडे येतं तेव्हा पुन्हा गरम. ऊब पायात जातच नाही, ती वरच्या वर फिरत राहते. १९७२ साली अमेरिकेत आर्क्टिक कोल्हे आणि लांडगे यांचे पाय उणे ३५ अंशांच्या द्रवात बुडवून पाहिले होते. तळव्यांचं तापमान उणे १ च्या आसपास येऊन थांबलं. त्याखाली गेलं असतं तर पेशी गोठल्या असत्या. गोठणार नाही इतपतच ऊब पायाला द्यायची, त्यावर कणभरही नाही, असा हा चोख हिशेब.

पण गार पायात आणखी एक भानगड. थंडीत तूप थिजतं, खोबरेल तर दगड होतं. मग पायातली चरबी थिजून पाय ताठ का होत नाही? कारण रेनडिअरच्या अंगात एकाच प्रकारची चरबी नसते. मांडीच्या हाडातली मज्जा घट्ट असते, खुराकडे जावं तशी ती मऊ, जवळजवळ तेलासारखी होत जाते. तुपाऐवजी शेंगदाण्याचं तेल भरावं तशी.

नाकातही हाच खेळ आहे. रेनडिअरच्या नाकात कागदाच्या सुरळीसारखी पातळ हाडं असतात. आत येणारी गार हवा त्यांच्यावरून जाताना गरम होते, बाहेर पडणारा श्वास त्याच गार झालेल्या सुरळ्यांवर आपली ऊब आणि ओल सोडून जातो. म्हणून स्वस्थ उभ्या असलेल्या रेनडिअरच्या नाकातून, कडाक्याच्या थंडीतही, वाफेचे लोट निघत नाहीत.

आणखी एक गोष्ट, थंडीची नसून अंधाराची, पण सांगितल्यावाचून राहवत नाही. मांजराचे डोळे रात्री चमकतात ते डोळ्याच्या मागच्या आरशासारख्या थरामुळे. रेनडिअरचा हा थर उन्हाळ्यात सोनेरी असतो आणि हिवाळ्यात गडद निळा होतो. ग्लेन जेफरी यांच्या गटानं २०१३ मध्ये हे मांडलं. निळ्या थरामुळे डोळा अंधुक उजेडाला कितीतरी अधिक संवेदनशील होतो.

हे रेनडिअर भारतीय संशोधकांच्या रोजच्या ओळखीचे आहेत. स्वालबार्डमधल्या नी-ओलेसुंद या छोट्या वस्तीत १ जुलै २००८ पासून ‘हिमाद्री’ हे भारताचं केंद्र आहे. गोव्यात वास्कोला असलेली राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन संस्था ते चालवते. उत्तर ध्रुव तिथून सुमारे १,२०० किलोमीटर. ऑक्टोबरच्या अखेरीपासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत तिथे सूर्य दिसत नाही, आणि डिसेंबर २०२३ पासून आपली माणसं त्या काळोखातही तिथे राहून काम करतात. वस्तीतल्या घरांच्या मधून रेनडिअर निवांत चरत फिरत असतात.

आतापर्यंत पाहिलेल्या प्राण्यांनी निदान पोट तरी गरम ठेवलं. आता येते ती खार हाही आग्रह सोडून देते.

आर्क्टिक जमिनीवरची खार अलास्का, कॅनडा आणि सैबेरियात बिळं करून राहते. वर्षातले सात-आठ महिने ती झोपून काढते. बिळाखाली कायम गोठलेली जमीन असल्यामुळे तिला खोल खणता येत नाही, आणि भोवतालची माती हिवाळ्यात शून्याच्या खूप खाली जाते. १९८०च्या दशकात अलास्का विद्यापीठातल्या ब्रायन बार्न्स यांनी या खारींच्या पोटात तापमान कळवणारी छोटी यंत्रं बसवली. आकडे आले तेव्हा ते सहजी पटण्यासारखे नव्हते. पोटातलं तापमान उणे २.९ अंश. जिवंत सस्तन प्राण्याच्या अंगात याहून कमी तापमान त्याआधी कोणी नोंदवलं नव्हतं. मानेकडचा भाग मात्र शून्याच्या किंचित वर राहतो.

तिच्या रक्तात गोठणरोधक काही असेल, असा पहिला अंदाज होता. तसं काही सापडलं नाही. तिचं रक्त काढून गार केलं तर ते इतर कुठल्याही रक्तासारखं शून्याखाली अर्ध्या-पाऊण अंशावर गोठतं. मग अंगात का गोठत नाही? बिसलेरीची न उघडलेली बाटली फ्रीझरमध्ये ठेवून काही वेळानं हलकेच बाहेर काढली तर कधीकधी आतलं पाणी शून्याखाली जाऊनही पातळच असतं, आणि बाटली टेबलावर आपटली की डोळ्यांदेखत बर्फ होतं. बर्फाचा पहिला कण तयार व्हायला काहीतरी निमित्त लागतं. धुळीचा कण, खरबरीत कड, एखादा जिवाणू. निमित्त मिळालं नाही तर पाणी गोठायचं विसरून जातं. खारीचं अंग असं विसरलेल्या पाण्यासारखं असतं. पण तिच्या पोटात एक कण जरी धरला तरी तो पसरत जाऊन तिचा जीव घेऊ शकेल. वर्षानुवर्षं, दर हिवाळ्यात, तिचं शरीर ही तारेवरची कसरत झोपेत करतं.

दोन-तीन आठवड्यांनी एकदा ती गरम होते. आधी खांद्याजवळच्या तपकिरी चरबीची भट्टी पेटते, मग अंगभर हुडहुडी भरते, आणि काही तासांत उणे २ वरून ३६-३७ अंशांपर्यंत मजल. हिवाळ्यासाठी साठवलेल्या इंधनाचा मोठा वाटा या जागं होण्यातच जातो. इतका खर्च कशासाठी? गार पडलेल्या मेंदूत पेशींच्या फांद्या आखडतात, एकमेकींशी असलेले त्यांचे सांधे सुटतात. गरम झाल्यावर ते पुन्हा जुळतात. दिवसभर, किंवा त्याहूनही कमी वेळ, ती अशी गरम राहते. आणि त्या वेळात ती काय करते? बहुतेक वेळ झोपते. गार पडणं ही झोप नव्हेच. झोपायचं असेल तर तिला आधी गरम व्हावं लागतं!

म्हणजे खरी भीती थंडीची नाही, बर्फाच्या कणाची. सुईसारखा कण पेशीत वाढला की पेशी फाटते. हे समुद्रातल्या माशांइतकं कुणाला ठाऊक नसेल. समुद्राचं पाणी खारट असल्यामुळे उणे १.८ अंशांपर्यंत पातळ राहतं, माशाचं रक्त मात्र त्याआधीच गोठायला हवं. शोलँडर या कोड्यामागेही लागले होते. कॅनडातल्या लॅब्राडोरच्या हेब्रन खाडीत त्यांना दिसलं की तळातले मासे खारीसारखेच विसरलेल्या पाण्याच्या अवस्थेत जगतात. तळाशी बर्फ नसतो म्हणून ते वाचतात. त्यांना वर आणून बर्फाचा तुकडा लावला की ते क्षणात गोठून मरत.

आर्क्टिक कॉड मात्र बर्फाला खेटून, बर्फाच्या भेगांत राहतो. त्याच्या रक्तात एक खास प्रथिन असतं. बर्फाचा बारीक कण धरला की ते त्याला चिकटतं आणि वाढू देत नाही. असलं प्रथिन पहिल्यांदा सापडलं ते पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला, अंटार्क्टिकातल्या माशांत, आर्थर डिव्हरीज यांना १९६०च्या दशकात. दोन्हीकडच्या माशांचा जवळचा संबंध नाही, तरी प्रथिनाची घडण जवळजवळ एकसारखी. तिकडच्या माशात ते पचनाच्या एका जुन्या जनुकातून घडलं, कॉडमध्ये चक्क आधी कुठल्याही प्रथिनाची कृती नसलेल्या डीएनएतून. एकाच अडचणीनं दोन टोकांना, दोन वेगळ्या वाटांनी, एकच उत्तर काढून घेतलं.

आणि मग येतो तो सुरवंट. माझ्या मते या सगळ्यांत थोर.

एल्समीअर बेटावर, त्या कोल्ह्याच्या मादीचा प्रवास संपला तिथेच, एका पतंगाचा केसाळ सुरवंट राहतो. जूनमध्ये हिम वितळलं की तो बोटभर उंचीच्या आर्क्टिक विलोच्या झुडपाची कोवळी पानं खातो. पण खाण्यापेक्षा जास्त वेळ तो ऊन खातो. सूर्य फिरेल तसं अंग वळवत, गडद केसांत ऊब साठवत तो पडून असतो, आणि त्याचं अंग भोवतीच्या हवेपेक्षा कितीतरी गरम होतं. पानं पचायला ती ऊब लागते. तीन-चार आठवडे झाले की, उन्हाळा संपायच्या आतच, तो खाणं थांबवतो. पानांचा कस कमी झालेला असतो आणि त्याच्या अंगात अंडी घालायला टपलेल्या परोपजीवी माश्या-गांधीलमाश्या उडू लागलेल्या असतात. तो रेशमाचं पातळ आच्छादन विणून आत पडून राहतो आणि हिवाळा आला की गोठतो.

विसरलेलं पाणी वगैरे काही नाही, खरोखरचा बर्फ. पण कुठे गोठायचं हे त्यानं ठरवलेलं असतं. बर्फ पेशींच्या बाहेरच्या पाण्यात धरतो. पेशींच्या आत ग्लिसरॉल भरलेलं असतं. खोकल्याच्या औषधाला गोडसर दाटपणा आणणारा हाच पदार्थ पेशीचं आतलं पाणी गोठू देत नाही. प्रयोगशाळेत हे सुरवंट उणे ७० पर्यंत नेऊनही जिवंत राहिले आहेत. पुढच्या जूनमध्ये तो वितळतो, पानांकडे सरकतो. तीन-चार आठवडे खातो, पुन्हा गोठतो. पतंग व्हायला त्याला चौदा वर्षं लागतात असं आधी वाटत होतं. नंतरच्या बारकाईच्या अभ्यासात ती सातच्या आसपास निघाली. सात वर्षांतला बहुतेक काळ दगडासारखा, आणि मग एका उन्हाळ्यात कोश, पंख, जोडीदार, अंडी, सगळं एकदम.

असे हे जीव. कुणी ऊब अडवली, कुणी पाय गार पडू दिले, कुणी अख्खं अंग, आणि कुणी स्वतःच बर्फ झालं. यातल्या कुणाला थंडीनं सहसा मारता येत नाही. मारतो तो पाऊस.

ऐन हिवाळ्यात हवा काही दिवस शून्याच्या वर गेली आणि हिमावर पाऊस पडला, की पाणी खाली झिरपतं आणि पुन्हा गोठतं. जमिनीवर काचेसारखा थर बसतो. हिम खुरानं उकरता येतं, हा थर फुटत नाही, आणि गवत-दगडफुलं चार बोटांवर असूनही तोंडी लागत नाहीत. ऑक्टोबर २००३ मध्ये कॅनडाच्या बँक्स बेटावर अशा पावसानंतर सुमारे वीस हजार कस्तुरी बैल भुकेनं मेले. ज्यांची लोकर मेंढीच्या लोकरीच्या आठपट ऊबदार समजली जाते, तेच हे प्राणी. नोव्हेंबर २०१३ मध्ये रशियाच्या यमाल द्वीपकल्पावर नेनेत्स पशुपालकांचे ६१,००० रेनडिअर गेले. १९७९ पासून आर्क्टिक उरलेल्या जगाच्या जवळजवळ चौपट वेगानं तापतो आहे, आणि स्वालबार्डला हिवाळी पाऊस आता नवलाचा राहिलेला नाही.

तिथल्या प्राण्यांची वर्षानुवर्षं गणती करणाऱ्यांनी २०१३ मध्ये दाखवून दिलं की अशा हिवाळ्यानंतर रेनडिअर, टार्मिगन पक्षी आणि रानउंदीर, तिघांची संख्या एकदमच घसरते. कोल्ह्याची घसरत नाही. त्या वर्षी बर्फावर जागोजाग मेलेले रेनडिअर पडलेले असतात आणि त्याच्या पिल्लांनाही पोटभर मिळतं. पुढच्या हिवाळ्यात मात्र कलेवरं मिळत नाहीत, कारण म्हातारे आणि अशक्त रेनडिअर आधीच गेलेले असतात, उरलेले धडधाकट असतात. टार्मिगनही थोडेच राहिलेले. मग, पाऊस पडून गेल्यावर एका वर्षानं, कोल्ह्यांची संख्या खाली येते.